ऊद, मलिदा आणि सासऱ्याचं ताम्रपत्र

मी, प्रेमला अंबादास गपाट, वय ५४, शिक्षण चौथी, राहणार मौजे चिंचोडी, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गावाचं न्हाय, म्हणूनच लिहिते. माझ्यावर कुणाचा दाब न्हाय, दाबणारा अजून जन्मायचा आहे. पुढच्या आठवड्यात पोटाचं ऑपरेशन आहे. उठले तर उठले.

१. राहतं घर, ओट्यासकट, माझी मुलगी शिवकन्या हिला. पुतण्या कृष्णराज याला त्यातला दगडही देऊ नये.

गावाची रीत अशी, की यात्रेला मारुतीची पालखी दर्ग्यातला ऊद आल्याशिवाय उचलायची नाही आणि उरसाला दर्ग्याचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, आमच्या घरचा मलिदा आल्याशिवाय काढायचा नाही. यंदा कृष्णराजच्या टोळीनं डीजे लावून उदाशिवायच पालखी उचलली. मग उरसाला तिकडच्या पोरांचा निरोप आला, मलिदा नको. मी परात घेऊन ओट्यावर बसून राहिले, मुंग्या लागेपर्यंत. शांतता समिती आली, बिस्किटं खाल्ली, फोटो काढून गेली. दोन्हीकडच्यांची किळस आली मला. अजून गेली न्हाय.

तर मलिद्याची परात आणि मानही शिवकन्येला. मान म्हणजे मिरवणं न्हाय, चपात्या कुस्करणं. तिनं घर घ्यायचं ते मलिद्यासकट. मलिदा नको असेल तर घरही नको.

२. ताम्रपत्र. माझे सासरे कोंडीराम स्वातंत्र्यसैनिक. निजामाच्या राज्यात, त्याचं ताडीचं उत्पन्न बुडवायला, त्यांनी शिंदीची झाडं तोडली. रझाकार शोधत आले तेव्हा दर्ग्याचे लाडलेसाब मुजावर, त्यांच्या वडिलांनी सासऱ्यांना दर्ग्यात गलेफांच्या, म्हणजे कबरीवरच्या चादरींच्या, पेटीमागं लपवलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, आपली माणसं सूड घ्यायला कुऱ्हाडी घेऊन मुजावरांच्या गल्लीत शिरली, तेव्हा मुजावरांच्या दारात सासरे आडवे पडले. ऊद-मलिद्याची रीत तिथून सुरू झाली.

काल १७ सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला कृष्णराजनं ते ताम्रपत्र हार घालून स्टेजवर ठेवलं आणि भाषण ठोकलं, "आमच्या आजोबांनी यांना सरळ केलं होतं!" बोट दर्ग्याकडं. मी खालून ओरडले, "अरे, तुझा आजा निजामाशी लढला, शेजाऱ्याशी न्हाय!" तर म्हणतो कसा, "काकू, तुम्हाला राजकारण कळत नाही, घरी जा." गेले. ताम्रपत्र उचलून घेऊन गेले.

ते लाडलेसाबांची सून खाजाबी हिला. त्यावर नाव सासऱ्यांचं असलं तरी ते जगले त्या घरामुळं. (लाडलेसाब या कागदाला साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नका म्हणतात वकील, म्हणून सुनेला.)

३. माझ्या मयतीला बॅनर लावू नये. कृष्णराजनं खांदा द्यावा, पण माईक दिसला तर तिरडी खाली ठेवावी.

४. निरोप्याचं काम. पालखीचे मानकरी ज्ञानोबा आणि दर्ग्याचे लाडलेसाब यांचे निरोप इतकी वर्षं मी नेले. ज्ञानोबा म्हणायचे, "सांगा त्या म्हाताऱ्याला, दाढी उपटून हातात देईन." मी घरातली तेलाची बाटली घेऊन जायची आणि सांगायची, "ज्ञानोबाभाऊंनी गुडघ्याला तेल पाठवलंय." लाडलेसाब म्हणायचे, "बोल उसकू, जबान संभाल." मी येऊन सांगायची, "दुवा दिलाय तुम्हाला." सगळ्या शिव्या वाटेत टाकल्या. यात्रेपासून दोघांनी निरोप धाडणंही टाकलं. आता हे काम मी कुणाच्याच नावे करत न्हाय. स्वतःच्या तोंडानं बोला, नायतर मुके मरा.

साक्षीला मुद्दाम हेच दोघं बोलावलेत. ओट्यावर एकमेकांकडं पाठ करून बसलेत. लाडलेसाब चष्मा घरी विसरले आणि वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. ज्ञानोबांनी आपला काढून, न बघता, मागं सरकवला.

लिहून झालेली पानं वाचता वाचता लाडलेसाब चौथ्या कलमावर थांबले. वळले.

"क्यों रे ज्ञानू, वो तेल तू नहीं भेज्या था?"

"मी? तुला? विष पाठवीन एखाद वेळ!"

"और मैं दुवा दिया बोलके फुगून फिरता था तू, गधे!"

जोरात भांडायला लागलेत. माझ्याशिवाय, समोरासमोर. यांना थांबवायला मी उठणार न्हाय. सही करते.

प्रेमला अंबादास गपाट

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
ज्ञानोबा मल्हारी सुरवसे
लाडलेसाब हुसेनसाब मुजावर (ज्ञानोबाच्या चष्म्यानं वाचून)

स्थळ: माझा ओटा, चिंचोडी
१८ सप्टेंबर २०२५