अकरा तासांचं तेल

२२ सप्टेंबर, सोमवार

सुमन पडली. सकाळी नऊच्या सुमारास. घट बसवून झाले होते, माळेला तरवडाची फुलं कमी पडली म्हणून अंगणात उतरली आणि ओल्या फरशीवरून पाय सरकला. डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं आहे. जीप करून परभणीला नेलं. प्रियांका दवाखान्याच्या दारातच उभी होती. लेक जवळ दिल्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं.

साठ किलोमीटर सुमन कण्हली नाही. एकच धोशा— "अहो, दिव्याचं बघा." नवरात्रातला अखंड दिवा. दसऱ्यापर्यंत तेवत राहिला पाहिजे, मध्येच विझला तर घरातलं माणूस जातं असं तिच्या माहेरी मानतात. मी म्हटलं, पाहतो. ती म्हणाली, "पाहतो नगं. घालतो म्हणा."

आमचा लग्नातला करार सरळ होता. मी तिला अडवायचं नाही. तिनं मला ओढायचं नाही. खोटं कुणीच बोलायचं नाही. अडतीस वर्षं चालला. आज तिनं ओढलं. पण हाड मोडलेल्या बाईशी कराराची कलमं काढून कोण भांडणार!

घालतो म्हटलं. शेवटच्या गाडीने सोनपेठला परत, आणि घातलं.

२३ सप्टेंबर

हे काम शेजारच्या केशरबाईच्या गळ्यात घालावं असा बेत होता. पण त्यांचा चुलत दीर परवा गेला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुतक हाय भाऊ. मला न्हाई शिवता यायचं." गल्लीतली बाकी घरं त्यांचीच भावकी. म्हणजे गल्लीत दिव्याला हात लावायला चालणारा माणूस एकच— मी.

तेल घातलं. हात जोडले नाहीत. मोटारीत डिझेल घालताना कोणी हात जोडत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणतात, साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. सोमवार धरून चला. सुमन खाटेवर पडल्या पडल्या— "दिवा हाय का?" मी म्हटलं, आहे. खरं होतं.

समई मोजून पाहिली. काठोकाठ भरली की अकरा तास चालते. वात जाड झाली तर नऊ. त्यावरून वेळापत्रक केलं: सकाळी सहाला तेल, सहा वीसची परभणी गाडी, दोनच्या गाडीने परत, चारच्या आत तेल, रात्री झोपताना पुन्हा. एकतीस वर्षं सोनपेठ स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, गाड्यांच्या वेळा अजून झोपेत सांगेन. दिव्याची वेळ सांभाळेन असं मात्र कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात माधवराव भेटले. शाळेत मराठी शिकवायचे. वीस वर्षं एकच वाद घालतात. "किशनराव, नास्तिकपणा हा बी धर्मच हाय. देव न्हाई असं तुमी मानता. मानणं आलं की श्रद्धा आली." माझं उत्तरही वीस वर्षं तेच. मी स्टँडवर उभा आहे आणि गाडी आली नाही. न आलेल्या गाडीला नंबर देत नाहीत, तिचा कंडक्टर नसतो, तिचं तिकीट फाडत नाहीत. मग धर्म कुठून आला?

आज ते चहा ढवळत म्हणाले, "गाडी आली न्हाई तर माणूस गप घरी जातो. तुमी रोज फळ्यावर लिहिता, आली न्हाई म्हणून. प्रसाद घ्यायचा न्हाई, दोरा बांधायचा न्हाई, पाया पडायचं न्हाई. एवढं सोवळं तर आमच्या गुरवाच्या घरीबी न्हाई."

मी दोन्ही चहाचे पैसे दिले आणि उठलो. राग आला होता.

२५ सप्टेंबर

सोवळ्याचं अजून डोक्यात आहे.

डेपोत दर खंडेनवमीला गाड्यांना हार घालायचे, नारळ फोडायचे. मी तेवढा वेळ रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचो. एकदा मॅनेजरने स्वतः पेढा पुढे केला. नाही घेतला. त्याने वर्षभर मला रात्रपाळी लावली. लावू दे.

आई गेली त्या आठवड्यातलं. तिने कुणाकडून तरी तुळजापूरची साखर मागवली होती. चिमूटभर बोटांत धरून हात माझ्याकडे केला. "घे बाळा, माझ्यासाठी." मी म्हटलं, आई, तू घे, मी नाही घेत. तिने हात बराच वेळ तसाच धरला. मग साखर स्वतःच्या जिभेवर ठेवली. चौथ्या दिवशी गेली.

तेव्हा बरोबर केलं असं वाटलं होतं. एकदा घेतली असती तर आधीचं सगळं नाटक ठरलं असतं. आजही तसंच वाटतं. बहुतेक.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. तेल वेळेवर.

पंख्याचा वारा लागतो म्हणून समई कोनाड्यात सरकवली. घटात गहू बोटभर वर आला आहे. ओल आणि ऊब मिळाली की कुठलंही बी उगवतं. तरी दोनदा जाऊन पाहिलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

परभणीत अडकलो. दुपारी एकला कळलं, गोदावरीचं पाणी पुलावरून गेलं, सोनपेठच्या गाड्या बंद. सकाळी सहाचं तेल. म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत.

माधवरावांचा फोन लागेना. केशरबाईंना केला. कुलूप तोडा पण वाटीभर तेल ओता, असं म्हणालो. ही विनंती मी केली! त्या म्हणाल्या, "सुतकात शिवले तर तुमच्या घराला दोष लागंल भाऊ. मला पाप नगा लावू." मी म्हटलं, पाप मी घेतो. "तुमाला कुठं पाप लागतंय, तुमी मानतच न्हाई." बाई बिनतोड बोलली.

पाच वाजता मी सुमनच्या उशाशी बसलो होतो. भिंतीवर घड्याळ. ती डोळे मिटून होती. पाच दहा. पाच वीस. कापसाची वात आणि गोडंतेल, बाकी काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी घड्याळावरून नजर काढता येईना.

२८ सप्टेंबर, रविवार

पूल सकाळी अकराला मोकळा झाला. पहिल्याच गाडीने आलो. दिवा विझलेला. वातीचं टोक काळं, समईत तेलाचा थेंब नाही.

काडी ओढली. लावला. तीच समई, तसंच तेल, तशीच ज्योत. मला विचाराल तर काहीच फरक नाही. पण मला कोणी विचारणार नाही, सुमन विचारणार.

प्रियांकाचा फोन. "बाबा, आई सारखी इचारायलीय दिव्याचं. उद्या ऑपरेशन हाय, तिचं बीपी वर जायलंय. तुमी येऊन नीट सांगा तिला."

खरं सांगितलं तर ती खचेल. खोटं सांगितलं तर करार मोडला. माधवरावांना विचारावं असं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. देव नसला तर माणसाला धरून ठेवायला दुसरं काय असतं? माझ्यापुरतं उत्तर होतं: खरं बोलणं. एवढं एकच होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आठ वाजता स्ट्रेचर आलं. तिने हिरवा गाऊन घातला होता, कानातली फुलं काढून प्रियांकाकडे दिली होती. कुंकू पुसू देत नव्हती, सिस्टर चिडली होती.

माझा हात धरला. "दिवा हाय का?"

"आहे."

"तवापासून हाय का?"

अशी उलटतपासणी ती कधी करत नाही. दाराशी वॉर्डबॉय थांबलेला. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो. तवापासून."

तिने माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसली. आत नेलं.

अडीच तास. त्या अडीच तासांत माझ्या मनात आलेलं इथे लिहितो, कारण इथेही खोटं लिहायला लागलो तर संपलंच. मला वाटलं, माझ्यामुळे जाईल ही. तेलामुळे. हा विचार माझ्या डोक्यात आला, तो काही दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी फोटोत खिळे दाखवले. कारागिरी चांगली आहे.

३० सप्टेंबर

पाणी मागितलं. उठून बसवलं. दिव्याचं विचारलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घट उठवले. प्रियांकाने फोनवर सांगितलं तसं केलं: गव्हाचे तुरे तोडून ठेवले, माती तुळशीत टाकली. आता दिवा विझला तरी चालतो म्हणाली. रात्री अकराला आपोआप गेला.

माधवराव सोनं द्यायला आले होते. समईकडे पाहिलं, माझ्या तेलकट बोटांकडे पाहिलं. वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालतील. उत्तर तयार होतं: तेल घातल्याने आस्तिक होत असतील तर सगळे गिरणीवाले संत झाले असते. ते नुसतं म्हणाले, "वहिनी बऱ्या हायत ना?" आणि आपट्याचं पान हातात ठेवून गेले.

९ ऑक्टोबर

सुमन घरी आली. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेली. देवघरासमोर थांबली. प्रियांका आठ दिवस राहणार आहे.

मला झोप लागत नाही. देवाची भीती नाही. खोटं बोललो ते बोचतं आहे. माधवरावांना हे सांगितलं तर म्हणतील, झालं, प्रायश्चित्त आलं, आता पोथी तेवढी राहिली.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज सांगितलं. दिवा विझला होता, एकोणीस-वीस तास. मी काडीने लावला. आणि तुला खोटं सांगितलं.

सुमन शेंगा सोलत होती. "ठाव हाय मला. पूल बंद हुता त्या रात्री तुमी माझ्या उशाशीच व्हते की. मंग तेल कोण घातलं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं वेळापत्रकं केलेल्या माणसाच्या!

"मग ऑपरेशनला जाताना घाबरली नाहीस?"

"तुमी माझ्यापायी खोटं बोलले. तुमचे कान लाल झालते. म्हणलं, आता मरून कसं चालंल." दोन शेंगा सोलल्या. मग मान वर न करता, "माझं बी एक हाय. तुमचा डबा. तुमी ड्युटीला जायचे तवा मी रोज आधी देवापुढं ठिवायचे, निवद दाखवून मंग झाकण लावायचे. आता ताटाचं बी तसंच करते."

"अडतीस वर्षं?"

"एक दिस खाडा न्हाई."

"आणि खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं ते?"

"मी खोटं कवा बोलले? तुमी इचारलं न्हाई."

बाहेर येऊन बसलो.

१२ ऑक्टोबर

म्हणजे मी रोज प्रसाद खाल्ला. माझं काहीही बाटलं नाही. जसा होतो तसाच आहे, आजही देव मानत नाही.

मग आईची ती चिमूटभर साखर मी का घेतली नाही?