रुख्मिणीच्या डब्यावरून झालेली मारामारी

मी, शालिग्राम किसनराव डिवरे, वय वर्षे बावीस, राहणार वडनेर भोलजी, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. गावाला पटणार नाही, पण आज आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. परवा मी फौजेत रुजू व्हायला निघतो. चीनच्या लढाईतून कित्येक जण परतले नाहीत, म्हणून मागे घोळ नको.

१. वडिलांच्या शेतात माझा जो हिस्सा निघेल तो आई अन्नपूर्णाबाई हिला. पुस्तके वडिलांना. बी.ए. अर्धवट सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पुस्तकांशी बोलतील.

२. सायकल इंद्रभान रामराव चोपडे याला. बुलढाण्याला आम्ही एका खोलीत राहत होतो. मागचे कॅरियर मात्र मी काढून विहिरीत टाकले आहे. त्यावर कोणी बसलेले मला वर गेल्यावरही खपणार नाही.

३. आता त्याला मारले त्याविषयी. आम्हा दोघांचा आणि रुख्मिणीचा जेवणाचा डबा गावाहून सकाळच्या एस.टी.ने येई. रुख्मिणी म्हणजे आमच्याच गावच्या गुलाबराव खर्चे यांची मुलगी. ती बुलढाण्याला मावशीकडे राहून मास्तरणीचे ट्रेनिंग घेत होती. डबा घ्यायला ती स्टँडवर येई आणि मी अर्धा तास आधीच जाऊन उभा राही. दिवाळीनंतर ती येईना. तिचा डबा इंद्रभान पोचवू लागला, तोही माझ्याच सायकलवरून! आठ दिवस माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवव्या दिवशी भर स्टँडवर त्याचे तोंड फोडले. वांग्याची भाजी सगळी मातीत. ओठ पुसत तो म्हणाला,

"अबे, पह्यले इचार तं! तिनंच मले सांगतलं, डबा तू आणत जाय म्हणून. तू इथं खांबासारखा उभा राह्यतं, म्हणून येत नाही ती."

मला ते खोटे वाटले. आणखी एक ठेवून दिली.

४. गावात बातमी पोचली ती अशी, की गुलाबरावांच्या पोरीसाठी दोन पोरं भांडली. गुलाबरावांनी तिला काही न विचारता घरी आणून बसवले. मीही रागात कॉलेज सोडले. गुलाबरावांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण इंद्रभानला मी तरी कुठे विचारले होते?

गेल्या आठवड्यात ती मळ्यात कांदे काढत होती. मी बांधावरूनच म्हटले, "तुला नुसतं पाहायला येत होतो. त्यात वाईट काय केलं?"

तिने मान वर केली नाही. "तुले मीच दिसे. मले सारं स्टँड दिसे. कंडक्टर हासे, पानवाला हासे. 'आला वं तुहा पहारेकरी' म्हणे. तुहं पाहणं झालं, माहं ट्रेनिंग गेलं."

शेजारच्या वाफ्यातल्या चार बाया हात थांबवून तिच्याकडे पाहत होत्या. मला त्या तेव्हा दिसल्या. मी निघून आलो.

५. म्हणून लिहून देतो की रुख्मिणी माझ्याशी स्टँडवर कधी एक शब्द बोललेली नाही, आणि इंद्रभानशी बोलली ती डब्यापुरती. दोष माझा. त्या दोघांचे पुढे जमले तर माझी हरकत नाही असे येथे लिहावे, असे आई म्हणते. लिहवत नाही.

६. हे सर्व चावडीवर मोठ्याने वाचावे असे मी लिहिले होते. ते खोडले आहे, बाजूला सही केली आहे. चावडीवर पुन्हा तिचेच नाव निघेल आणि पुन्हा सगळे तिच्याकडेच पाहतील. त्याऐवजी निवृत्ती मास्तरांनी गुलाबरावांच्या घरी जाऊन त्यांना एकट्याला वाचून दाखवावे.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात हे मला माहीत आहे. परंतु रुख्मिणीच्या ट्रेनिंगचे वर्ग पंधरा जूनला सुरू होतात आणि माझ्या मरणाची काही तारीख ठरलेली नाही. तेव्हा मी जिवंत असलो तरीही हे पंधरा जूनच्या आधीच वाचावे.

सही: शालिग्राम किसनराव डिवरे

शालिग्रामने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही:
१. निवृत्ती सखाराम इंगळे, प्राथमिक शिक्षक
२. हिंमतराव भाऊराव तायडे, शेती

मुक्काम वडनेर भोलजी, रविवार, २६ मे १९६३