भिंतीतलं खरेदीखत

उइसोंग, ता. ९ सप्टेंबर १९८६

चि. सांगग्यूभावोजींस,
अ. उ. आ. वि. वि. अमिताभ बुद्धाच्या कृपेने घरी सगळे बरे आहेत. एक मी सोडून.

चुसोकचा सण आला म्हणून सासूबाईंच्या खोलीच्या भिंतींना नवा कागद लावायला काढला. जुना थर ओला करून सोलताना आतून मामंजींचं खरेदीखत निघालं. टेकडीचं, ती विकणाऱ्या प्यो आजोबांच्या शिक्क्यासकट. अकरा वर्षांपूर्वी अस्तराला कागद विकत कशाला, म्हणून पेटीतले जुने कागद मीच खळ लावून चिकटवले होते. जुनी वळणदार चिनी अक्षरं. शाळेत शिकलेलं त्यातलं एकही तेव्हा मला ओळखू आलं नाही; आता तुमच्या दादांनी वाचलं तेव्हा कळलं.

सात वर्षांपूर्वी प्यो आजोबांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, जागा विकलीच नाही, मामंजींना पुरण्यापुरती दिली. आपल्याकडे कागद नव्हता. निकाल लागला, मामंजींची कबर राहील, शेजारी दुसरी होणार नाही. आणि सासूबाई रोज विचारतात, मला कुठे ठेवणार?

तुमचे दादा कोर्टात जायचा सूट झटकून बसलेत. तुम्ही कोर्टातले कारकून. केस पुन्हा उभी राहील ना? कागद भिंतीत कसा गेला ते सासूबाईंना सांगितलेलं नाही. मला घास जात नाही. उलट टपाली उत्तर टाका आणि वहिनीवरची माया आटू देऊ नका.

ओकबुन


देगू, ता. १३ सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. दादांना म्हणावं, सूट कपाटात ठेवा, कोणाच्या लग्नाला होईल. तीच टेकडी, तीच दोन घरं, तेच भांडण. निकाल कायम झाल्यावर कोर्ट ते पुन्हा ऐकत नाही. खरा कागद मागाहून सापडला, एवढ्याने नाही. साहेब पहिलं विचारतील, इतकी वर्षं होता कुठे? काय सांगू, आमच्या वहिनी भिंतीत ठेवतात म्हणून?

असे लोक मी रोज खिडकीवरून परत पाठवतो. नियम वाईट नाही. नाहीतर हरलेल्याचा नातूही कागद घेऊन येईल आणि जिंकलेल्याला जन्मभर झोप नाही. पण आईसाठी तोच नियम लिहिताना पेन पुढे सरकेना.

एक आहे. कोर्टाने मालकाचे हात बांधलेले नाहीत, त्याने आपणहून जागा दिली तर कोणी अडवणार नाही. प्यो आजोबा गेले, आजी आहेत. मात्र भांडायला जाऊ नका.

रागावलात तरी किमचीचा डबा पाठवायचं थांबवू नका.

आपला सांगग्यू


उइसोंग, ता. २० सप्टेंबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ. प्यो आजींकडे गेले. खत पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, हे वाचलं तर उद्यापासून यांच्या पूजेचं ताट मी कोणत्या तोंडाने मांडू? हवं तर माग, सिद्ध करू नकोस. मग आपल्याच जमिनीसाठी मी त्यांच्यापुढे कपाळ टेकलं. टेकडी प्योंची, जागा मेहेरबानीची, असं लिहून दिलं. तुमच्या दादांनी तोंड फिरवून त्याखाली शिक्का मारला. आजींनी स्वतः वर येऊन मामंजींशेजारी काठीने चौकोन आखला.

सासूबाईंनी काल आपली शेवटची, मेल्यावर नेसवायची वस्त्रं पेटीतून काढून उन्हात घालायला लावली. जवळ बसून मी म्हटलं, तो कागद कसा हरवला ते सांगायचंय. त्या म्हणाल्या, जागा मिळाली, आता जुनं उकरू नकोस, बाहीला कसर लागलीय का बघ. मी दोन्ही बाह्या पाहिल्या. कसर नव्हती. पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या.

डबा पाठवला आहे. येत जा.

ओकबुन