तेहतीस की पस्तीस

प्रिय क्लेटन,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. फोनवरच बोलले असते, पण फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि तुझे बाबा त्याच भिंतीला टेकून बसलेले. शेजारी उभं राहून हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, पण फोनवर कोण काय कुजबुजतंय ते गोठ्यातूनसुद्धा बरोबर ऐकू येतं. आज ते वरच्या रानात कुंपणाच्या तारा ओढायला गेलेत, म्हणून कपडे धुवायच्या मशीनवर कागद ठेवून लिहायला घेतलंय. गवत सगळं आत आलं. बटाटे बरे निघाले. आणि बाबा पिकअप विकायची म्हणतायत. चॅलिस गावचा एक माणूस बघून गेला, शिकारीचा हंगाम संपला की पैसे घेऊन येतो म्हणाला. बाबा त्याला हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून ‘नाही’ किती पटकन निघतं हे तुला मी सांगायला नको. 

तुला वाटेल, जुनी गाडी आहे, जाऊ दे. मलाही एरवी तसंच वाटलं असतं. गेली दोन वर्षं ती माझ्या अंगणात ठाण मांडून बसली आहे, तिच्यातून गळलेल्या तेलाने माझी अर्धी फुलझाडं मेली. पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तू सुट्टीला आलास आणि तुम्ही दोघांनी मिळून ती चार इंच उचललीत, ते दिवस काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बाबा गाडीखाली उताणे, नुसते बूट बाहेर. तू वरून पाना देतोयस. “हा नाही रे, मोठा!” “तुम्ही मागितला तोच दिला.” “मग मी चुकीचा मागितला, तुला कळायला नको?” दिवसभर हेच. स्प्रिंगचे जुने पाटे काढून नवे बसवलेत, गाडी उंच झाली, आणि खाली चाकं मात्र तीच जुनी, बारकी. उंच माणसाने धाकट्या भावाची पँट घालावी तशी दिसत होती. मी हसले, तर तुम्ही दोघंही माझ्यावर रागावलात. तू ॲरिझोनाला गेल्यापासून तुम्हाला मी एका बाजूला असं पहिल्यांदाच पाहत होते.

आणि मग जेवताना तू म्हणालास, आता पस्तीस इंची टायर लावू. बाबांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, “तेहतीस.” तिथून जे सुरू झालं ते दीड वर्ष चाललं. दर रविवारी चर्चहून आलो की तुझा फोन. हवा कशी, तब्येत कशी, काही नाही, थेट टायर! “पस्तीस लावून कुठे चंद्रावर जायचंय का?” “तेहतीस लावलेत तर गायीला कोंबडीचे पाय लावल्यासारखे दिसतील, बाबा.” तू म्हणायचास, गाडी वर कितीही उचला, चाकांमधला आस जमिनीपासून किती वर राहणार ते टायरच ठरवतो, ओढ्यातल्या दगडावर आपटलात की माझी आठवण काढा. ते म्हणायचे, बर्फात रुंद टायर वर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली घट्ट जमिनीला लागतो, पण ॲरिझोनात बर्फ फक्त सरबतात बघणाऱ्याला हे काय कळणार. वर पस्तीसला रुंद रिम हवी, ती बाहेर येणार, इंजिन चढाला धापा टाकणार, मागचे गिअर बदलावे लागणार, स्पीडोमीटर खोटं बोलणार आणि पोलीस पकडणार. इतकं सगळं त्यांनी मला आमच्या लग्नाच्या वेळीही कधी एका दमात बोलून दाखवलं नव्हतं.

तुला हे ठाऊक नसेल, पण एकदा ते ड्वाईटच्या टायरच्या दुकानातून जुना पस्तीसचा टायर उसना आणून पुढच्या चाकाला लावून बसले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, टायर मडगार्डला घासला. मला वाटलं चिडतील. तर हे अंगणातून ओरडत आत आले, “घासतो! नोला, घासतो!” मुलगी झाल्याची बातमी द्यावी तसा चेहरा. तेव्हा बुधवार होता. चार दिवस ती बातमी त्यांनी पोटात धरून ठेवली, रविवारी तुला सांगायची म्हणून. आणि तू काय म्हणालास? “घासतो तर मडगार्ड थोडं कापा.” ते म्हणाले, “त्या पत्र्याला करवत लावायची तर आधी मला लाव.” फोन आपटला आणि मग संध्याकाळभर शीळ घालत हिंडले.

हे सगळं मी वैतागून ऐकायचे रे. कधी एकदा हे टायर येतायत आणि घरात शांतता होतेय असं व्हायचं. मार्चमध्ये ती झाली. तुझं बाळ तेव्हा नुकतंच घरी आलेलं, तू दोन-दोन पाळ्या करत होतास, आवाजावरूनच थकलेला वाटत होतास. तू शांतपणे म्हणालास, “बाबा, गाडी तुमची आहे. तुम्हाला पटतील ते लावा. तुमचंच बरोबर आहे.” तू चांगल्या मनाने बोललास, मला माहीत आहे. कुठल्याही शहाण्या मुलाने हेच म्हटलं असतं.  बाबा म्हणाले, “बरं. आईशी बोल.” आणि माझ्या हातात फोन देऊन बाहेर गेले. मी देवाचे आभार मानले. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात त्यांनी तेहतीसचे टायर आणले, साडेदहा इंच रुंदीचे, त्यांना हवे होते तेच. ड्वाईट स्वतः बसवायला आला. टायर कुठे घासेना की अडेना. बाबांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं, खाली वाकून ऐकलं, परत वळवलं. मला तर वाटलं, ते घासण्याची वाट बघतायत. ड्वाईट म्हणाला, “झकास बसलेत, ऑरिन! आता दाखव पोराला.” ते नुसतं “हो” म्हणाले. त्यानंतर गाडी फाटकापर्यंत जाते, टपाल घेऊन परत येते, बस.

रविवारी अजूनही चर्चहून आल्यावर ते कोट न काढता फोनजवळ बसतात. हातात काहीतरी काम घेतात, चाकूला धार लावतात, नाहीतर रेडिओ उघडून बसतात. तुझा फोन येतो. “बरा आहेस? बाळ? इथे बरं आहे. आईला देतो.” आणि मग तू आणि मी हवापाण्याचं बोलत राहतो, आणि धार लावायचा आवाज थांबलेला असतो. तू मला गाडीबद्दल काही विचारशील म्हणून ते ऐकत असतात. तू विचारत नाहीस. तू तरी का विचारशील? तुझ्या लेखी तो विषय संपला. बाळा, तुझी आठवण येते असं म्हणणं त्यांना जमत नाही. त्यांच्या वडिलांनाही जमलं नाही. ते गेले तेव्हा दोघांचं शेवटचं बोलणं विहिरीच्या पंपावर झालं होतं. मला या घरातल्या पुरुषांचा राग येतो, आणि रागापेक्षा जास्त कीव येते. मुलाशी बोलायला त्यांना मध्ये काहीतरी लोखंडाचं लागतं. आता तेही चॅलिसला चाललंय.

परवा मी न राहवून त्यांना विचारलं, थंडी पडायच्या आत गाडी घेऊन वर घाटात का जात नाहीस? प्लेटीतल्या मांसाकडे बघत म्हणाले, “टायर बारके वाटतात.” मी म्हटलं, “मग पस्तीसचे लाव. कुणी अडवलंय?” तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अधर्म बोलले. म्हणाले, “मी कसं म्हणू? ते तर क्लेटनचं म्हणणं आहे.” आणि उठून गेले. मी तिथेच बसून रडले, भांडी तशीच राहिली. क्लेटन, त्यांना त्या गाडीचं काही पडलेलं नाही. त्यांना समोरून कुणीतरी पस्तीस म्हणणारं हवंय, आणि ते फक्त तूच म्हणू शकतोस. तर येत्या रविवारी फोन कर. माझी चौकशी करू नकोस, त्यांच्या तब्येतीची तर मुळीच नको. सरळ सांग, ते तेहतीसचे टायर घालून गाडी केविलवाणी दिसत असणार, चॅलिसचा माणूससुद्धा हसत असेल. ते खूप ओरडतील. तुझ्या शिक्षणाचा, ॲरिझोनाचा, माझ्या माहेरचा उद्धार करतील. करू दे. काय वाटेल ते बोल, फक्त “तुमचंच बरोबर” एवढं पुन्हा कधी म्हणू नकोस. आणि त्यांनी फोन आपटला, तर मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या रविवारी परत कर.

मशीनच्या आवाजात बसून तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई