आत्या असं कधीच म्हणाली नाही

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. खुशाली नंतर. आधी घडलं ते.

१. घशाच्या ऑपरेशनआधी आत्या, म्हणजे तुझी आई, माझ्या स्टुडिओत बसली आणि पोर्तुगीजमधली सगळी आडमुठी क्रियापदं तिने एकेक करून म्हटली. ध्वनिमुद्रण मी केलं.
२. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.
३. तिचा भाषेचा क्लास आता तू चालवतोस, म्हणून तू ते ध्वनिमुद्रण मागितलंस. तिने मान डोलावली. मी दिलं.
४. काल तुझं क्लासचं ॲप उघडलं. त्यात आत्या ‘फाझी’ म्हणाली.

‘मी केलं’ याला पोर्तुगीजमध्ये ‘फीश’ म्हणतात. ‘फाझी’ तिकडची बोबडी पोरं म्हणतात. जो शब्द आत्याने एकाही विद्यार्थ्याच्या तोंडी टिकू दिला नाही, तो तिच्या तोंडून येईल कसा? तिच्या आवाजावरून तू यंत्राकडून नकली आवाज बनवून घेतलास. पुढे तो लाडात येऊन म्हणतो, शाब्बास सोन्या, मित्रालाही क्लासला आण. मला किळस आली. कुणाची तरी कवळी आपल्या तोंडात बसवल्यासारखी.

तो आवाज बंद कर.

अजून तरी तुझीच,
बहीण

७ मार्च

चि. नटबोल्टला अनेक आशीर्वाद.

तू पत्र लिहितेस की बिघाडाचा अहवाल? ‘फाझी’ची दुरुस्ती होईल. यंत्राला आईचा आवाज अजून पुरेसा मिळालेला नाही, एवढंच. तुझ्याकडे उरलेलं मूळ ध्वनिमुद्रण पाठव, ती खाकरते आणि रागावते तेसुद्धा.

आईने मान डोलावली होती, हे तूच लिहितेस. मग तुझ्या पोटात का दुखतं? क्लास बंद पडायला आला होता, आता बाकं पुरत नाहीत. मुलांना शाब्बासकी लागते गं. लहानपणी ‘मी झोपतो’ याला मी ‘दोर्मु’ म्हटलं की आई म्हणायची, पुन्हा. ‘दुर्मु’ म्हटलं की गप्प. गप्प म्हणजे बरोबर! जेवताना, अंघोळीला जाताना, तेच. कुणाला सांगू नकोस, पण क्लास सुटल्यावर मीही एखादा धडा लावतो. आई मला शाब्बास म्हणते. ऐकायला बरं वाटतं.

रागावू नकोस. राग आलाच, तर निदान जेवून घे.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन आत्याकडे गेले. कुणाला सांगू नकोस असं तू लिहिलं होतंस. मी तिला वाचायला दिलं. मग ॲप लावलं. ‘फाझी’ला तिने टेबलावर पेन्सिल आपटली. ‘शाब्बास सोन्या’ला मात्र फोन दोन बोटांनी उचलून उलटा ठेवला आणि हात धुऊन आली. साबणाने.

मान कशाला डोलावली होतीस, असं मी विचारलं. तिने पाटीवर लिहिलं की क्रियापदांना. आपल्या नावावर खपवलेल्या लाडाला नाही. मूळ ध्वनिमुद्रण मी तुला देणार नाही. आधीचं दिलं, त्याचीच मला लाज वाटते.

तुझ्या पत्रातलं ‘ऐकायला बरं वाटतं’ तिने परत वाचलं. मग तिने जे लिहिलं ते तुला कळवायला सांगितलंय: शाब्बासकी पाठीवर देतात, तिला आवाज लागत नाही. रविवारी ये आणि तिच्यासमोर बसून सगळी क्रियापदं म्हण. चुकलास की पेन्सिल वाजेल. चुकला नाहीस, तर ती उठून तुझ्या खुर्चीमागे येईल.

मला अजूनही तुझी किळस येते. तिला येत नाही, असं दिसतं. तिने तुझी खुर्ची काढून पुसून ठेवली आहे.

माझ्या लोभाचं पुढे काय करायचं ते आवाज काढल्यावर पाहू. तो काढलास का आणि रविवारी येतोस का, हे १४ मार्चपर्यंत कळव.

बहीण