शालनची उडी

न्यूझीलंड, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९६

इंदापूर-बारामतीकडचे आम्ही द्राक्षवाले इथं बागा बघायला आलो, आणि आज पायाला रबरी दोर बांधून पुलावरून उडी मारायचा खेळ. फुशारकीनं नाव मीच दिलं होतं. घोट्यांना टॉवेल गुंडाळून दोर आवळला. खाली नदी दिसली आणि मी मागं सरकलो. "मला सोडा," एवढंच निघालं तोंडातून. सगळे हसले.

मुलीचा पंजाबी ड्रेस घातलेली माझी बायको शालन पुढं आली. "मी जाऊ का?"

मी 'जा' म्हणालो. का म्हणालो? तिला तर विहिरीत वाकून बघायचीसुद्धा भीती. तोच टॉवेल तिच्या पायांना गुंडाळला. ती ओरडलीही नाही, नुसती कोसळली. दोर तुटला असं वाटून मी कठडा धरून रडलो.

खाली होडीवाल्यांनी तिला सुखरूप उतरवून घेतलं. खोलीवर आल्यावर कबूल केलं, "शालन, माझी लाज झाकायला तुला पाठवलं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "समदी तुमाला हसत हुती. मला न्हाय बघवलं."

तिच्या घोट्यांवर वळ उठलेत. तेल लावू का, हे विचारायचंही धाडस होत नाही.