काकूंकडचं जुनं मशीन

जुन्याला सोडू नको म्हणायला तुमचं काय जात होतं, तात्या? तुम्ही भवानीनगरला उसाच्या काट्यावर चहा पीत सांगायचात, निस्तरायचं इथं बंगळूरला मी. नववी नापास पोराला काट्याचं वजन कॉम्प्युटरात नेणारा प्रोग्राम लिहायला तुम्ही शिकवलंत, त्याच्याच जोरावर काट्यांचे प्रोग्राम करणाऱ्या कंपनीत ही नोकरी लागली, कबूल. पण आपलं भांडण मिटलेलं नाही.

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. नवं कर्नेल आलंय, म्हणजे मशीनच्या पोटातला मूळ कारभारीच बदललाय. मी हौसेनं प्रोग्राम त्याच्या पद्धतीचा करतो, जुन्यासाठीच्या ओळी अडगळ म्हणून काढतो. काट्यावरचं मशीन मात्र जुनंच. उसाची गाडी चढते, पडद्यावर शून्य. मागं ही रांग. गाडीवान ओरडतो, "काय रं, माझा ऊस काय कापसाचा हाय का?" सगळे हसतात, तुम्ही नाही. "नव्याला नवं दे," म्हणालात, "पर आधी इचार, कर्नेल कंचं हाय. जुनं असंल तर जुन्या वाटंनं जा. दोनी वाटा ठेव."

तेव्हापासून ठेवल्या. तुम्ही गेलात, तरी कारखान्याच्या लिलावात तुम्ही घेतलेलं तसलंच एक जुनं मशीन निरवांगीच्या घरात काकूंजवळ आहे. प्रोग्रामला हात लावला की तो जुन्या कर्नेलवर चालतो का बघायला मी तिकडं फ्लॉपी धाडतो. काकू ती घालतात, इंग्रजी येत नाही म्हणून पडद्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवतात आणि एसटीडी बूथवरून सांगतात, "पयलं तंबूवानी हाय बघ, मग दोन डोंगर. लवकर वळख, मीटर पळतंय."

गेल्या आठवड्यात साहेबांनी जुनी वाट बंद करायला सांगितली. गिऱ्हाइकांत जुनं कर्नेल आता फक्त तुमच्या काट्यावर उरलंय, आणि तिथंही या हंगामाला नवं मशीन बसतंय. मी भांडलो. पण "तात्या म्हणायचे" हे कारण इथं कोण ऐकणार? ओळी शेवटी माझ्याच हातानं पुसल्या. तुम्ही शिकवलेलं आता कुणालाच नकोय.

काकूंना यातलं काही बोललो नाही. काल फोनवर म्हणाल्या, "भंगारवाला अडीचशे देतोय मशीनचं. दिऊ का? का तुला लागतंय अजून?"

"लागतंय," म्हणालो.

हे पत्र काही टाकायचं नाही. निरवांगीला मनिऑर्डर तेवढी करतोय, तीनशे रुपयांची.